पालखी येण्याआधी एक सिनेमा

सुपे हे बारामती तालुक्यातलं गाव. 12 मे 1875 रोजी, भर बाजाराच्या दिवशी, इथल्या आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, कर्जरोखे, खतं, वह्या बाहेर ओढल्या आणि त्यांची होळी केली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 साली शेतकऱ्याला थोडंफार संरक्षण देणारा कायदा करावा लागला. शाळेत हा धडा दोन-चार ओळींत उरकला जातो. सुप्याच्या मुलाला आपल्या गावाचं नाव पुस्तकात दिसतं, पण त्या शेतकऱ्याची झोपडी, त्याची बायको, त्याच्या दारात उभा राहिलेला सावकार, यातलं काही त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही.

हे सगळं एकदा पडद्यावर आलं होतं. 1925 साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला. कथा ना. ह. आपट्यांची. तोवर आपला सिनेमा देवादिकांत आणि राजेरजवाड्यांत रमलेला होता. पेंटरांनी स्वतःच पौराणिक आणि ऐतिहासिक मूकपट काढून नाव मिळवलं होतं. पण या वेळी त्यांनी कॅमेरा शेतकऱ्याच्या घरात नेला. सावकाराने फसवून बळकावलेली जमीन, देशोधडीला लागलेलं घर आणि शेवटी शहरात जाऊन गिरणीत राबणारा शेतकरी. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम, जे पुढे स्वतःच थोर दिग्दर्शक झाले. अंधारी झोपडी आणि रात्री विव्हळणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य ज्यांनी पाहिलं, त्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी त्याबद्दल लिहिलं.

आज हा मूकपट कुणालाच पाहता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. काही स्थिरचित्रं आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी, एवढंच हाती आहे.

बारामती आणि इंदापूरच्या लोकांना मला हे आधी सांगायचं आहे, कारण जुन्या सिनेमाचं प्रेम म्हणजे पुण्या-मुंबईतल्या जाणकारांचा छंद, असा आपल्याकडे समज आहे. जो सिनेमा गेला तो आपल्या बापजाद्यांचा होता. भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले. त्यातले जेमतेम तीसेक उरले आहेत आणि त्यातलेही बरेच तुकड्यातुकड्यांत. 1931 सालचा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’सुद्धा राहिला नाही. फिल्म तेव्हा नायट्रेटची असे, ती भराभर पेटायची. पेटली नाही तर दमट हवेत चिकट होऊन विरघळायची. पण सगळा दोष हवेला देता येणार नाही. सिनेमा जुना झाला, आता याचे पैसे येत नाहीत, असं ठरवून माणसांनीच त्या फिल्म चांदी काढण्यासाठी विकल्या. फिल्मवरच्या थरात थोडी चांदी असते; तेवढ्यासाठी कितीतरी चित्रपट धुऊन टाकले गेले. जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, आग लागली आणि नायट्रेटवरच्या अनेक जुन्या प्रती तिच्यात जळाल्या.

गेलेल्याचं दुःख करत बसावं म्हणून हे लिहीत नाही. जे उरलंय ते पाहायला आपण आजच सुरुवात करू शकतो, आणि आपल्या दोन तालुक्यांना ते पाहण्याचं जितकं कारण आहे तितकं क्वचितच कुठे असेल. माझी विनंती सरळ आहे. यंदा तुकोबांची पालखी आपल्या गावात येण्याआधी गावाने मिळून ‘संत तुकाराम’ पाहावा.

‘संत तुकाराम’ 1936 चा. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचं, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. मुंबईत तो एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. हे मान-सन्मान ठीक आहेत. पण तो पाहायचं खरं कारण त्यातली माणसं आहेत.

तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट, भजनात रमणारा. त्यांच्या चेहऱ्यावर अभिनय शोधू नका, सापडणार नाही. ते डोळे मिटून गातात आणि आपण ऐकत राहतो. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक गीत इतकं अभंगाच्या वळणाचं उतरलं, की पुष्कळांनी ते तुकोबांचंच मानलं. आणि तुकोबांची बायको आवली झाली आहे गौरी. या बाईंनी प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामापासून सुरुवात केली होती. नटीचं कोणतंही शिक्षण नाही. पण तिच्या तोंडचं बोलणं ऐका, कमरेवर हात ठेवून उभं राहणं पाहा. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलंय आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलाय, अशा बाईचा संताप तिने जसा उभा केला तसा नंतरच्या कुठल्याच तुकारामपटात मला दिसला नाही. ती आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. हा प्रसंग पाहताना आपल्या गावातल्या बाया कशा बघतात, ते बघा. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो, तेव्हा आवली आणि मुलं हरखून त्यातले कपडे अंगावर घालून बसतात आणि तुकोबा तो परत पाठवायला निघतात. त्या वेळी चूक कोणाची, हे दिग्दर्शक सांगत नाहीत. दोघांचंही बरोबर वाटतं. साध्या माणसांना इतक्या आदराने दाखवणारा सिनेमा आजही दुर्मीळ आहे.

आणि ही गोष्ट आपल्या प्रदेशाची आहे. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही भोसल्यांची जहागीर. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. देहूतल्या तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याचीवरून बारामतीला येते, काटेवाडीत तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. एवढी वाट आपण दरवर्षी वारकऱ्यांच्या पायाखाली झाडून ठेवतो, पाण्याचे टँकर उभे करतो, भाकरी-पिठलं करतो. त्या तुकोबांचं आयुष्य नव्वद वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या कारागिरांनी कसं दाखवलं, ते आपल्या दहावीतल्या पोराने पाहिलेलं नसावं, हे मला बरोबर वाटत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. पालखीच्या मुक्कामाच्या रात्री हा बेत करू नका. त्या रात्री गावाला श्वास घ्यायला वेळ नसतो, कीर्तनं चालू असतात आणि वारकरी दमलेले असतात. आठ-दहा दिवस आधीचा शनिवार धरा. नाही जमलं तर फाल्गुनात तुकाराम बीज आहेच. जूनमध्ये पावसाचा भरवसा नसतो, म्हणून उघड्यावर नको. विठ्ठल मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर किंवा शाळेचा हॉल बघा. मांडववाल्याकडे प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. पडदा नसेल तर चुन्याची पांढरी भिंत उत्तम. प्रभातचे बरेच चित्रपट यूट्यूबवर सापडतात, पण ऐनवेळी नेटवर विसंबू नका; त्यातही एकाच सिनेमाच्या चार प्रती असतात आणि तीन अगदी फिकट असतात, तेव्हा आधी घरी पूर्ण पाहून चांगली प्रत ठरवा. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे 1936 च्या चित्रपटाची मुदत केव्हाच संपली आहे. तरी कोणी पदरचे पैसे घालून नव्याने स्वच्छ केलेली प्रत वापरणार असाल तर त्यांची परवानगी घ्या आणि ग्रामपंचायतीला व पोलीस ठाण्याला आधी कळवून ठेवा.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या. त्या काळचं ध्वनिमुद्रण बारीक असतं. डीजेच्या भिंती लावल्या की शब्द घशातच अडकतात आणि लोक अर्ध्या तासात उठून जातात. दोन साधे स्पीकर, बास अगदी कमी. आणि कळकळीची विनंती, चित्रपटाआधी सत्कार ठेवू नका. शाल, नारळ, मान्यवरांची मनोगतं यांत पाऊण तास गेला तर लहान मुलं झोपतात. ज्याला गोष्ट माहीत आहे अशा एकाने पाच मिनिटं बोलावं आणि दिवे मालवावेत.

सिनेमा संपल्यावर मात्र लगेच खुर्च्या गोळा करू नका. म्हातारी माणसं तेव्हाच बोलतात. पश्चिम महाराष्ट्रात तंबूतला सिनेमा दिवाळीनंतर गावोगाव फिरायचा आणि जत्रांच्या हंगामात त्याची चलती असायची. आपल्या आजीने पहिला सिनेमा कुठे पाहिला, तिकीट किती होतं, बैलगाडीतून किती जण गेले, बायकांची बसायची जागा कुठे होती, पडद्याच्या मागच्या बाजूने कोणी पाहिलंय का, रीळ तुटल्यावर लोक काय करायचे, घरच्यांना न सांगता कोण गेलं होतं: हे विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ‘आजी, सिनेमाबद्दल सांग’ असं म्हटलं तर ती ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणून गप्प बसेल. नेमका प्रश्न विचारला की तास-दीड तास बोलेल. बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख सुरुवातीलाच मोठ्याने उच्चारून घ्या. ज्यांनी तंबूतले जुने सिनेमे पाहिले ती माणसं आता म्हातारी झाली आहेत, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

एकदा गावाला गोडी लागली की पुढचा चित्रपट निवडताना आपल्या गावाचा विचार करा. भिगवण, पळसदेव या पट्ट्यात 1941 चा ‘शेजारी’ दाखवावा असं मला फार वाटतं. शांतारामबापूंचा हा चित्रपट दोन म्हाताऱ्या मित्रांचा आहे, एक जिवा पाटील आणि दुसरा मिर्झा. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. गावात धरण येऊ घातलंय, पैसेवाला माणूस दोघांमध्ये फूट पाडतो, आणि शेवटी धरण फुटतं. उजनीच्या पाण्यात ज्यांची घरं-शेतं गेली, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर आलेलं जे पाहतात, त्यांना यातलं बरंच काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची ही गोष्ट आज पुन्हा पाहण्याचीही गरज आहे.

बचत गटांच्या बायकांसाठी ‘कुंकू’, 1937 चा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपट्यांची ती नजर एकदा पाहिली की विसरता येत नाही. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घरातलेच आवाज आहेत; ते लक्ष देऊन ऐका. काही ठिकाणी तो रेंगाळतो, हे खरं. सगळेच जुने चित्रपट चांगले असतात असं मी म्हणणार नाही. कित्येक भक्तिपट नुसते चमत्कारांवर चालतात आणि कित्येकांत बाईला रडण्यापलीकडे काम नाही. वाईट वाटलं ते वाईट म्हणा, पण पूर्ण पाहून म्हणा.

लहान मुलांसाठी दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, 1919 चा मूकपट. कृष्ण झाली आहे त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांचे असे विखुरलेले तुकडे शोधून जपले, म्हणून आपण ते पाहू शकतो. मूकपट कधीच मुका दाखवला जात नसे, थिएटरात पेटी-तबला घेऊन वाजवणारे बसलेले असत. आपल्या प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. त्यांनी दोनदा घरी चित्रपट पाहून कुठे पखवाज, कुठे नुसती पेटी हे ठरवावं आणि पडद्याशेजारी बसून वाजवावं. मधल्या पाट्या एका मुलीने मोठ्याने वाचून दाखवाव्यात. चित्रातली माणसं तुरुतुरु धावताना दिसली की मुलं हसतील. हसू द्या, मग सांगा की तेव्हाची फिल्म हाताने फिरवत कमी वेगाने घेतली जायची आणि आज ती जास्त वेगाने दाखवली जाते, म्हणून तसं दिसतं. वेग कमी करायची सोय मोबाइलमध्येही असते, करून दाखवा. मुलांना हेही सांगा, की 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राणी तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना. आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आत, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, तीच तारामती दुर्गाबाई खोट्यांनी केली, प्रतिष्ठित घरातल्या शिकलेल्या बाईने. वीस वर्षांत केवढा पल्ला गाठला गेला ते मुलींना यातून आपोआप कळेल.

घरातही डोकावून बघा. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका असतात. थिएटरात चार-दोन पैशांना मिळणाऱ्या त्या पातळ पुस्तिकांत गोष्ट, गाणी आणि नट-नट्यांची नावं छापलेली असत. ज्या चित्रपटांची फिल्म गेली त्यांची गाणी कधीकधी तेवढ्याच एका कागदावर उरली आहेत. त्या रद्दीत घालू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कोरड्या कापडाने धूळ झटका, दिवसाच्या उजेडात फ्लॅश न लावता प्रत्येक पानाचा फोटो काढा, बटर पेपरमध्ये गुंडाळून ओल नसलेल्या कपाटात ठेवा. जुन्या फोटोंमागे नावं लिहायची तर पेन्सिलीने. फिल्मचा जुना डबा सापडला तर तो उन्हात ठेवू नका, जवळ काडी-विडी पेटवू नका, प्रोजेक्टरवर चढवून पाहायचा मोह तर अजिबात नको. आतून उग्र वास आला तर झाकण लावून सावलीत, घरापासून दूर ठेवा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. हे त्यांचं रोजचं काम आहे.

शेवटी बारामती आणि इंदापूर या दोन गावांना वेगवेगळं मागणं आहे. इंदापूरकरांनो, शांता शेळके तुमच्या. 12 ऑक्टोबर 1922 रोजी त्यांचा जन्म इंदापुरात झाला. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये त्यांनी काम केलं, मराठी चित्रपटांसाठी गाणी लिहिली, त्यातली काही डॉ. वसंत अवसरे या नावाने. दर ऑक्टोबरात त्यांच्या जन्मतारखेला त्यांच्या गीतांचा एक जुना चित्रपट शाळेत दाखवा आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं की तिथे थांबवून मुलांना ते वाचायला लावा.

बारामतीकरांचं काम त्याहून सोपं आहे. विद्या प्रतिष्ठानमधल्या सभागृहाला ग. दि. माडगूळकरांचं नाव आहे. गदिमांना आपण ‘गीतरामायणा’साठी ओळखतो, पण त्यांनी आयुष्य सिनेमात घालवलं: ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’, आणि शांतारामबापूंचा ‘दो आंखें बारह हाथ’. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’शीही त्यांच्या लेखणीचं नातं आहे. बाबूराव पेंटर आणि शांताराम यांचं दिग्दर्शन, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची कामं. ज्या रामजोशींची लावणी ऐकून मोरोपंतांनी त्यांना कीर्तनाकडे वळवलं असं परंपरेने सांगितलं जातं, ते मोरोपंत बारामतीचेच, कऱ्हाकाठचे. कवी बारामतीचा, लिहिणारा गदिमा आणि सभागृहही गदिमांच्या नावाचं. महिन्याचा एक रविवार या चित्रपटांसाठी द्यावा, असं पत्र आपण नागरिकांनी संस्थेला लिहू या. महाविद्यालयातल्या मुलांनी सह्या गोळा कराव्यात, पत्रात चित्रपटांची यादी जोडावी आणि पहिल्या रविवारी ‘रामजोशी’ लावावा. तिकीट ठेवू नका. दाराशी एक वही ठेवा, येणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात आपलं नाव, गाव आणि थिएटरात पाहिलेला पहिला चित्रपट लिहावा.